पावतीच्या पाठीवरचा रस्ता

फिरोज आत्तारनं जुनी रेसर विकली
आणि पावतीच्या पाठीवर रस्ता लिहून दिला.
त्याचे पैसे घेतले नाहीत.

"गंगावेशीतनं उजाडायच्या आत सुटा.
रंकाळा डाव्या हाताला राहील.
त्याच्याकडं बघू नका. बघितलं की थांबाल,
थांबला की चहा, चहा झाला की घर."

मी बघितलं. थांबले नाही.
धुक्यात पाणी दिसतच नव्हतं,
नुसता म्हशी धुणाऱ्याचा आवाज,
"सर की गं, सर,"
आणि एक ओली थाप.

फुलेवाडीच्या नाक्यावर
तालमीतली पोरं समोरून पळत आली,
अंगातनं वाफा निघत होत्या.
"काकी, जोर लावा!"
ट्रेझरीत एकतीस वर्षं
टेबलाखाली घडी करून ठेवलेले माझे गुडघे
दचकले.

"बालिंग्याच्या पुलावर गिअर हलका करा."
केला. चेन पडली.
बसवली, पण हात कशाला पुसायचे?
शेवटी पावतीलाच पुसले,
म्हणून पुढची ओळ
अर्धी शाईची आहे, अर्धी ग्रीसची.

पुलापलीकडं ऊस.
तुऱ्यावर आलेला, दोन्ही अंगांनी वाकलेला,
मधून रस्ता, घाईत पाडलेल्या भांगासारखा
थोडा तिरका.
गुऱ्हाळाची चिमणी दिसायच्या आधी वास येतो.
काहिलीत रस उकळायला लागला
की दोन किलोमीटर
पायांऐवजी पोट पेडल मारतं.

दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला,
गाणं त्याच्याही पुढं.
मी साइडपट्टीवर उतरले.
एक कांडं निसटून पडलं,
मी उचलायच्या आत एका पोरानं नेलं.
कुठून आलं होतं कोण जाणे.

फाट्याला पाटी नव्हती, नुसता खांब.
पाचटाच्या खोपीबाहेर एक बाई
कोयत्याला धार लावत होती.
"बीड किती लांब?"
तिनं माझ्याकडं बघितलं, मग सायकलकडं.
"लई लांब हाय वो बाई. ट्रकात दोन दिस लागत्यात.
ह्याच्यावर कवा पोचायच्या?"

"ते नव्हे. कसबा बीड. इथलं."

"इथं बी एक बीड हाय व्हय?"
कोयता बाजूला ठेवून ती हसायला लागली.
खोपीत कुणाला तरी हाक मारून सांगितलं,
तिकडूनही हसू आलं.
"मंग दिवाळीपासून आमी गावातच हावं की.
कुणी बोललंच न्हाई."
कौतिका नाव. माजलगावाकडची.
तांब्याभर पाणी दिलं,
आणि मी निघताना, तसंच हसत,
"आमच्या गावाला सांगा, आमी बरं हाय म्हून."

बीडात देवळाजवळ सायकल टेकवायला
भिंत शोधत होते.
मिळाला दगड, आणि टेकवल्यावर कळलं, वीरगळ.
खालच्या चौकटीत गाई आणि झटापट,
मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला हाताला धरून नेतायत,
वर तो पिंडीपुढं बसलाय, अगदी निवांत.
टोकाला सूर्य असेल. चंद्र दिसत होता,
दुसऱ्या अंगाला कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.
नाव कुठंच नाही.
गाईंसाठी गेला, एवढंच.
लोक म्हणतात, माती धुपली की इथं
हरभऱ्याएवढं सोनं वर येतं.
मी सायकल काढून बाभळीला लावली.
दगडाला "चुकलं" म्हणाले.

मग पावती उघडली.
"इथून पुढचं मला माहीत नाही.
अठ्ठ्याण्णव साली टायर इथंच फुटला,
टेम्पोनं परत आलो."
मग रिकामा कागद,
आणि माझ्याच अंगठ्याचा काळा ठसा.
उलटून बघितलं तर छापलेलं:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

साडेआठ वाजले होते. मागच्या चाकात हवा कमी.
पंप मारला, बावीस वेळा.
शाळेला निघालेल्या एका पोराला विचारलं,
हा रस्ता कुठं जातो?

"ह्यो?" त्यानं रस्त्याकडं
पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं.
"जातोय की."